प्रवेशाचे माप आणि तयारीचे तास

कारखान्यात नवे यंत्र बसले की आठवड्याभरात एक गृहस्थ हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या पाठीशी येऊन उभा राहतो. एक नग काढावयास किती सेकंद लागतात हे तो वहीत टिपून घेतो, आणि त्या टिपणावरून पुढे कित्येक वर्षे शेकडो माणसांची मिळकत ठरत राहते. आमच्या आयुष्याची तीस वर्षे या घड्याळवाल्याशी वाद घालण्यात गेली. मोजू नका, असे आम्ही कधी म्हटले नाही. मोजमाप नसले की मुकादमाची मर्जी हेच माप होते, आणि त्याचा अनुभव आमच्या आधीच्या पिढीने पुरेपूर घेतला आहे. आमचे म्हणणे एवढेच असे, की माप कसे ठरवले ते दाखवा, आणि मोजताना यंत्राला तेल घातलेले होते की नाही तेही लिहा.

हे पुराण आरंभीच लावण्याचे कारण असे, की आजचा विषय विद्येचा आहे आणि आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर, हाती लागेल त्या पुस्तकातून. विद्वानांच्या प्रांतात आम्हांस शिरावयाचे तर आमच्या ओळखीच्या दारानेच शिरले पाहिजे. आणि आमच्या ओळखीचे दार हे घड्याळवाल्याचे.

अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीनंतरचे शिक्षण घ्यावयाचे तर बहुतेकांना एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागत असे. आजही अनेकांना द्यावी लागते. तिचे नाव जी.आर.ई. आमच्या गावात हे नाव आता पिठाच्या गिरणीतही ऐकू येते. गल्लीत एखादे तरी घर असे असते, की ज्याचा मुलगा किंवा मुलगी टेक्सासला नाही तर ओहायोला आहे. या परीक्षेच्या इतिहासात आम्हांस विशेष नवल वाटले ते परीक्षेचे नव्हे, तिच्या तयारीचे. कारण या जातीच्या परीक्षा जन्मास आल्या त्या एक मोठी प्रतिज्ञा करूनच : आमच्या परीक्षेची तयारी करता येत नाही. शिकवणी लावा, घोकंपट्टी करा, रात्री जागवा, काही उपयोग नाही. माणसाच्या अंगात जी उपजत कुवत आहे तीच आम्ही मोजतो. ही प्रतिज्ञा पन्नास-साठ वर्षे कशी टिकली आणि कोणी मोडली, ते आज सांगावयाचे आहे.

मुळापासून पाहू. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली, तेव्हा लष्करात भरती झालेल्या सुमारे सतरा लाख माणसांची बुद्धी मोजण्याचा घाट तेथील मानसशास्त्रज्ञांनी घातला. त्या खटाटोपात कार्ल ब्रिगहॅम नावाचे एक तरुण अध्यापक होते. ते पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि १९२३ साली त्यांनी लष्करातील त्या आकड्यांवरून एक पुस्तक लिहिले. उत्तर युरोपातून आलेले लोक बुद्धीने वरचढ. दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले, ज्यू आणि निग्रो खालच्या दर्जाचे. आणि यांच्या मिसळीने अमेरिकेची बुद्धी घसरत आहे, असा त्याचा निष्कर्ष. ज्या माणसास इंग्रजी वाचता येत नाही, ज्याने शाळा पाहिली नाही, त्याच्यापुढे कागद ठेवावयाचा आणि निघालेला आकडा त्याच्या रक्तास चिकटवावयाचा, असा तो प्रकार. याच ब्रिगहॅम यांनी कॉलेज-प्रवेशासाठी नवी परीक्षा तयार केली. २३ जून १९२६ रोजी ती प्रथम घेतली गेली आणि सुमारे आठ हजार मुले तीस बसली. तीच पुढे एस.ए.टी. म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

ब्रिगहॅम यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र आदराने सांगितली पाहिजे. १९३० साली त्यांनी आपल्या १९२३च्या निष्कर्षांस आपणच आधार नाही असे छापून जाहीर केले. आपली चूक छापील शब्दांत कबूल करणारा मापारी आम्हांस तीस वर्षांत एकही भेटला नाही. पण पुस्तक मागे घेतले तरी परीक्षा चालू राहिली.

याच काळात तेथील मोठ्या विद्यापीठांच्या दारावर काय चालले होते तेही पाहावे. ज्यू घरांतील मुले अभ्यासात पुढे, त्यामुळे परीक्षेने प्रवेश द्यावा तर त्यांची संख्या वाढू लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. गवगवा झाला, सूचना बारगळली. मग तेच काम आडवाटेने होऊ लागले : अर्जासोबत छायाचित्र, वडिलांचे मूळ नाव, समक्ष मुलाखत, आणि ‘चारित्र्य’ नावाचा एक शेरा. चारित्र्य कसे मोजतात हे कोणी कोणास दाखवले नाही. मुकादमाची मर्जी म्हणतात ती हीच. म्हणून या नव्या परीक्षांकडे दोन्ही नजरांनी पाहिले पाहिजे. त्यांच्या जन्मात वंशाचा अहंकार होता हे खरे. आणि हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष कॉनंट यांनी १९३३ नंतर दूरच्या, साध्या शाळांतली हुशार मुले शिष्यवृत्त्या देऊन आणण्यासाठी याच परीक्षेचा आधार घेतला, हेही खरे.

पदवीनंतरच्या शिक्षणासाठी अशीच परीक्षा हवी, हा विचार १९३६-३७च्या सुमारास पुढे आला. कार्नेगी प्रतिष्ठानाने पुढाकार घेतला आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांत प्रयोग झाला. अडचण व्यवहारी होती. शेकडो कॉलेजांतून पदवीधर येणार. एकाचा शेर दुसऱ्याच्या शेराशी जुळत नाही. तेव्हा सगळ्यांस एकाच तराजूत घालावे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या लाखो सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४च्या कायद्याने सरकारने उचलला. कॉलेजांची आवारे भरून गेली आणि तराजूची गरज वाढली. १९४७च्या अखेरीस तीन संस्थांच्या परीक्षा एकत्र करून ई.टी.एस. ही नवी संस्था स्थापन झाली. प्रिन्स्टनला तिचे ठाणे, हेन्री चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष. जी.आर.ई. तिच्याकडे आली, कायद्याच्या आणि व्यापारशास्त्राच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षाही १९४८ व १९५४ साली निघाल्या. एका देशात कोणी वकील व्हावे, कोणी संशोधक व्हावे, याची किल्ली पाहता पाहता फार थोड्या हातांत आली.

आता आमचा नायक येतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१९ साली स्टॅन्ली कॅप्लन यांचा जन्म झाला. घर ज्यू निर्वासितांचे, वडिलांचा धंदा नळ-प्लंबिंगचा. मुलगा सिटी कॉलेजात गेला. हे कॉलेज आमच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८४७ साली शहराने कामकरी लोकांच्या मुलांसाठी ते स्थापन केले, आणि तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे शिकवणीची फी नव्हती. फी बसली ती १९७६ साली, शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा. शिंपी, पाववाले, गोदीकामगार यांची मुले तेथे शिकली आणि त्यांतून पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरीही निघाले. कॅप्लन यांनी १९३९ साली तेथून पदवी घेतली ती वर्गात दुसरा क्रमांक मिळवून. डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. न्यूयॉर्कमधल्या पाच वैद्यक महाविद्यालयांकडे अर्ज केले आणि पाचही ठिकाणांहून नकार आला. आपण ज्यू, आणि शिवाय सार्वजनिक कॉलेजातले, हेच त्याचे कारण, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे.

दार बंद झाल्यावर माणूस काय करतो? कॅप्लन शिकवण्या आधीपासून करीतच होते. १९३८ साली आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्यांनी वर्ग मांडला होता. तोच धंदा झाला. १९४६ साली एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे एस.ए.टी.ची तयारी करून मागण्यास आली. परीक्षेच्या माहितीपत्रकात तर लिहिलेले, की तयारीचा उपयोग नाही. कॅप्लन यांना हे पटेना. शाळेत गणित शिकवून सुधारते, वाचन शिकवून सुधारते, आणि याच एका परीक्षेत गणित नि वाचन शिकवून सुधारत नाही हे कसे? आम्हांस हा युक्तिवाद फार आवडतो, कारण तो कोणत्याही पंडिती ग्रंथातला नाही, रोज मुले शिकवणाऱ्या माणसाचा आहे.

त्यांची रीत साधी होती. प्रश्नपत्रिका बाहेर फुटत नसे, परीक्षेनंतर परत घेतली जाई. मग परीक्षा झाली की मुलांना खाऊपिऊ घालावयाचे आणि प्रत्येकाने आठवणारा एक एक प्रश्न सांगावयाचा. अशा गोळा केलेल्या आठवणींतून प्रश्नांचे घाट ओळखायचे आणि तसे नवे प्रश्न रचून पुढच्या मुलांकडून सोडवून घ्यावयाचे. घड्याळवाल्याने कोणती हालचाल टिपली हे पाळीवरच्या चौघांनी संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकमेकांस सांगावे, तसेच हे. पुढे वैद्यक, कायदा, जी.आर.ई. अशा सगळ्या परीक्षांचे वर्ग निघाले आणि तळघराच्या जागी देशभर शाखा झाल्या.

परीक्षा घेणाऱ्यांनी कॅप्लन यांना वर्षानुवर्षे भोंदू ठरवले. अखेर सत्तरच्या दशकात व्यापारातील फसवणुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने चौकशी आरंभली. शिकवणीवाले खोट्या जाहिराती करतात, असे सिद्ध होईल ही अपेक्षा. १९७९ साली अहवाल आला. त्यात काही गटांच्या मुलांचे गुण शिकवणीने दर विभागात सुमारे २५ वाढतात असे निघाले. २०० ते ८०० या मापावर २५ गुण म्हणजे डोंगर नव्हे, पण शून्यही नव्हे. चोर पकडण्यास निघालेल्या पोलिसाने फिर्यादीचाच माल मोजून कमी भरवावा, तसे झाले. १९८३ साली त्याच परीक्षामंडळाने आपल्या वार्षिक अधिवेशनात कॅप्लन यांना भाषणास बोलावले.

जी.आर.ई.च्या चालकांचे काय? १९७७ साली त्यांनी भाषा व गणित यांच्या जोडीला तर्कशक्तीचा तिसरा विभाग घातला. चारच वर्षांनी, १९८१ साली, त्यातले दोन प्रकारचे प्रश्न काढून टाकावे लागले. कारण थोड्याशा सरावाने त्यांचे गुण चांगलेच वाढतात, असे त्यांच्याच संशोधकांना आढळले. तयारी होत नाही म्हणणाऱ्यांनी तयारी होते म्हणून प्रश्न बदलले! प्रतिज्ञा मोडली ती अशी, फारसा आवाज न होता.

आता प्रश्न पडतो, की तयारी होते हे सिद्ध झाल्याने कोणाचे भले झाले? आमचे मत येथे श्रोत्यांस थोडे कडू वाटेल. कॅप्लन यांनी ज्या मुलांसाठी तळघरात दिवा लावला ती त्यांच्यासारखीच होती. पण एकदा तयारी विकत मिळते असे ठरले, की ती ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने आधी घ्यावी, हा बाजाराचा धर्म. १९८४ साली कॅप्लन यांनी आपला धंदा एका मोठ्या वृत्तपत्र-कंपनीस विकला. बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या एका मुलाची जिद्द पन्नास वर्षांत भागधारकांच्या ताळेबंदातली रक्कम झाली. यात त्यांचा दोष आम्ही मानत नाही. आणि त्यांच्या आधी तयारी फुकट होती असेही कोणी समजू नये. या परीक्षांत एक प्रश्न गाजला आहे : धावपटूला जशी मॅरेथॉन, तसे वल्हेकऱ्याला काय? उत्तर ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळावा. ज्याच्या घरची होडी असल्या शर्यतीत उतरते, त्या मुलाची तयारी आईच्या मांडीवर झालेली असते. तिला कोणी शिकवणी म्हणत नाही आणि तिची पावतीही फाटत नाही.

माप उघडे करण्याचा प्रयत्नही झाला, आणि या सगळ्या इतिहासात आम्हांस सर्वांत समाधान देणारा भाग तो. १९७९ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. सिनेटर लावॅल हे त्याचे पुरस्कर्ते. परीक्षा झाल्यावर प्रश्न, बरोबर उत्तरे आणि विद्यार्थ्याने लिहिलेली उत्तरे मागेल त्याला दाखवली पाहिजेत, असा तो कायदा. १ जानेवारी १९८० पासून तो लागू झाला. परीक्षावाल्यांनी मोठा ओरडा केला. खर्च वाढेल, प्रश्न पुरणार नाहीत, दर्जा घसरेल! वेतनचिठ्ठी छापून द्या म्हटल्यावर आमच्याकडचे मालक जे म्हणत, तेच शब्द.

आणि मग पिरॅमिडची गोष्ट घडली. शाळकरी मुलांच्या एका परीक्षेत, तीही ई.टी.एस.चीच, असा प्रश्न होता : एका पिरॅमिडला चार त्रिकोणी बाजू आहेत, दुसऱ्याला चौकोनी बूड आणि चार त्रिकोणी बाजू. सगळे त्रिकोण सारखे, समभुज. एकाचा त्रिकोण दुसऱ्याच्या त्रिकोणावर बरोबर बसवून चिकटवला, तर नव्या आकृतीला बाजू किती? पहिल्याच्या चार, दुसऱ्याच्या पाच, मिळून नऊ. चिकटलेल्या दोन झाकल्या गेल्या, राहिल्या सात. परीक्षकांचे उत्तर सात. फ्लॉरिडातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने पाच लिहिले. उत्तरपत्रिका उघडी झाल्यावर आपले उत्तर चूक धरले हे त्याला दिसले. त्याने घरी दोन पिरॅमिड प्रत्यक्ष तयार करून चिकटवले. पाहतो तो दोन ठिकाणी शेजारचे त्रिकोण एकाच सपाटीत येऊन मिळतात आणि दोहोंची एक बाजू होते. बाजू पाचच! मार्च १९८१ मध्ये परीक्षावाल्यांनी चूक मान्य केली आणि सुमारे २,४०,००० मुलांचे गुण वाढवले. तज्ज्ञांच्या कितीतरी नजरांखालून तो प्रश्न गेला असेल. पकडला तो पुठ्ठा आणि डिंक घेऊन बसलेल्या पोराने, आणि तोही केवळ कागद त्याच्या हाती आला म्हणून. आमच्या कचेरीत आम्ही ही आकृती करून ठेवली आहे. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी घरी करून पाहावी. जाड पुठ्ठा घ्यावा.

पुढे संगणक आले आणि माप पुन्हा झाकले गेले. १९९३पासून जी.आर.ई. संगणकावर अशी होऊ लागली, की विद्यार्थ्याचे उत्तर पाहून यंत्र पुढचा प्रश्न सोपा की कठीण ते ठरवते. रोज परीक्षा, पण प्रश्नांचा साठा मर्यादित. १९९४च्या डिसेंबरात कॅप्लन कंपनीने आपली वीसेक माणसे परीक्षेस बसवली, त्यांनी प्रश्न पाठ करून आणले, आणि साठा किती तोकडा आहे हे कंपनीने ई.टी.एस.पुढे मांडले. बक्षीस म्हणून खटला झाला; परीक्षेच्या तारखाही काही काळ कमी कराव्या लागल्या. तीच गोष्ट पूर्वेकडे मोठ्या प्रमाणावर झाली. चीन, तैवान, कोरिया येथील विद्यार्थी आठवलेले प्रश्न संगणकाच्या जाळ्यावर एकमेकांस सांगू लागले, आणि २००२ साली तेथील संगणकी परीक्षा थांबवून पुन्हा कागद-पेन्सिल आणावी लागली. कॅप्लन यांच्या तळघरातली खाण्यापिण्याची मेजवानीच ती, फक्त पान खंडभर मांडलेले.

चीनमध्ये या तयारीचा राजा झाला तो यू मिनहोंग. खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्या खेपेस, १९८० साली, बीजिंग विद्यापीठात शिरला. अमेरिकेस जाण्याची त्याची खटपट फसली. १९९३ साली त्याने ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणीशाळा काढली आणि इतरांस अमेरिकेस पाठवण्याचा कारखानाच उभा केला. प्रश्न चोरून छापल्याबद्दल ई.टी.एस.ने दावा लावला. २००३ साली बीजिंगच्या न्यायालयाचा निकाल ई.टी.एस.च्या बाजूने लागला. अपिलात भरपाईची रक्कम कमी झाली. २००६ साली ही शाळा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात गेली. ब्रुकलिन आणि चीनचे खेडे, मध्ये पन्नास वर्षांचे अंतर. पण दोघेही ज्या दारातून स्वतः आत जाऊ शकले नाहीत, त्याच दाराशी दुकान मांडून बसले.

आपल्याकडची तयारी आमच्या पाहण्यातली आहे. जुन्या पिढीतले इंजिनिअर सांगतात, की साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची एक यादी असे. ते पुस्तक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वारसाहक्काने जाई, आणि समासात चार हस्ताक्षरे असत. शब्द पाठ करावयाचे ते उलट अर्थासकट. २०११ साली परीक्षेचे रूप बदलले, विरुद्धार्थी शब्द व जोड्या गेल्या, मापही १३० ते १७० असे झाले, आणि त्या याद्यांची अर्धी पाठांतरे रद्दीत निघाली.

आमच्या संघटनेचे एक सभासद लेथवर टर्नर आहेत. त्यांची मुलगी यंत्रशास्त्रात इंजिनिअर झाली आणि तिने या परीक्षेस बसावयाचे ठरवले. शिकवणीची फी ऐकली तेव्हा वडील म्हणाले, “साहेब, हा माझा तीन महिन्यांचा पगार.” परीक्षेचे शुल्क निराळे, तेही पाच आकडी. घर एका खोलीचे, माणसे पाच. म्हणून ती रात्री सात ते दहा संघटनेच्या कचेरीत येऊन बसे. आठ महिने बसली. आम्ही हिशेब केला : सुट्या वजा जाता सहाशेच्या वर तास. या तासांत तिने कमावते व्हावे अशी घरची निकड होती. एका कारखान्यात तिला नोकरी सांगूनही आली होती. ती नोकरी सोडली, त्याची भरपाई वडिलांनी रात्रपाळीचा ओव्हरटाइम घेऊन केली. शिकवणीने गुण किती वाढतात याचे अभ्यास झाले, पण हे सहाशे तास कोणी कोठून आणले हे गुणपत्रिकेत कोठे लिहिलेले नसते. यंत्राला तेल होते की नाही, ते वहीत नाही.

तिची परीक्षा आली २०२०च्या नोव्हेंबरात. महामारीमुळे परीक्षा घरूनच देण्याची सोय निघाली होती. पण अट अशी, की खोलीत दुसरे कोणी नको, दार बंद हवे, आणि परीक्षा चाले पावणेचार तासांच्या आसपास. पाच माणसांच्या एका खोलीत हे कसे व्हावे? पुन्हा आमची कचेरी. संगणक एका सभासदाच्या मुलाचा. कच्च्या कामास साधा कागद चालत नाही, म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात कागद घालून त्यावर पुसता येणाऱ्या पेनाने लिहावयाचे. आरंभी कोठूनसा एक परीक्षक संगणकातून तिला खोलीच्या चारी भिंती दाखवावयास सांगतो. आम्ही आदल्या रात्रीच वर्गणीचा फळा उतरवून ठेवला होता. न जाणो, त्या आकड्यांत कोणास गणिताची उत्तरे दिसावयाची. लाल झेंडा मात्र तेथेच राहिला. मग तिचे वडील आणि आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो, कोणी वर जाऊ नये म्हणून. वीज जाऊ नये, एवढी एकच प्रार्थना.

वीज गेली नाही. गुण चांगले आले. पण त्याच सुमारास अमेरिकेतील पुष्कळ विभागांनी या परीक्षेची अट काढून टाकली होती. महामारी हे तात्कालिक कारण. चळवळ जुनी होती. व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, जीवशास्त्राच्या संशोधनात कोण पुढे जातो हे या गुणांवरून सांगता येत नाही, असे दिसले होते. परीक्षा गरिबांना आणि काळ्या विद्यार्थ्यांना अडवते, असाही आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. २०२३च्या सप्टेंबरात तर चालकांनीच ही परीक्षा दोन तासांहून कमी वेळाची केली. तिने अर्ज केलेल्या पाचांपैकी तीन ठिकाणी गुण पाठवू नका असेच उत्तर आले. तिने आम्हांस विचारले, “काका, मग ते आता काय बघणार?”

आम्ही चौकशी केली. बघणार ते कॉलेजचे गुण, उद्देशपत्र, प्रयोगशाळेत केलेले काम, आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे. प्रयोगशाळेतले काम म्हणजे बहुधा बिनपगारी उन्हाळी उमेदवारी. आणि शिफारसपत्र म्हणजे तुम्हांला कोण ओळखतो. १९३९ साली कॅप्लन ज्या दाराशी उभे होते, त्या दाराची बिजागरी आम्हांस ओळखीची वाटली. परीक्षा जावी की राहावी यावर आमच्या संघटनेत अजून एकमत नाही. आम्ही स्वतः राहावी या मताचे आहोत, फक्त प्रश्न उघडे ठेवून आणि फी तोडून.

मुलगी दुसऱ्या दिवशी आपल्या विभागप्रमुखांकडे शिफारसपत्र मागण्यास गेली. ते कामात होते. म्हणाले, मजकूर तूच लिहून आण, मी सही करीन. ती संध्याकाळी कचेरीत आली, संगणक उघडला, आणि स्वतःबद्दल ‘ही विद्यार्थिनी’ असे लिहू लागली.